बांधावरून : राखणीसाठी बंदूक कोणती घ्यावी?

भात निसवले की आमच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांचे प्रश्न बदलतात. श्रावणापर्यंत करपा, तुडतुडे आणि युरिया यांची चौकशी असते. भाद्रपद उलटून लोंब्या भरू लागल्या की विषय एकच, रानडुक्कर. प्रबळगड, माथेरान आणि कर्नाळा यांच्या पायथ्याची गावे तर त्या दिवसांत रात्रभर जागी असतात. डबे वाजवून, टेंभे पेटवून, फटाके लावून माणसे थकतात. मग कोणीतरी विचारतोच, "साहेब, बंदूक घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ?"

गेल्या हंगामात असाच एक तरुण आला होता. सोबत त्याची आई होती. एका रात्रीत डुकरांच्या कळपाने त्याचे वीस-पंचवीस गुंठे भात लोळवले होते. डुक्कर खाते थोडे आणि तुडवते फार, हे ज्याने शिवारात पाहिले आहे त्याला सांगायला नको. त्याने मोबाईलवर एक चित्र दाखवले. काळी, आखूड, खाली काडतुसांची पेटी लावलेली परदेशी रायफल. "अमेरिकेत शेतकरी हिनेच डुकरं मारतात. एकामागून एक गोळ्या सुटतात. ही आपल्याला मिळंल का?" आई म्हणाली, "साहेब, याला समजवा. घरात दोन लहान पोरं आहेत. हा म्हणतो, एक तर बंदूक घेतो, नाहीतर जमीन बिल्डरला देऊन टाकतो."

पनवेल तालुक्यात हे दुसरे वाक्य नुसते रागाने बोललेले नसते. विकत घेणारा दारात उभाच असतो. म्हणून मी त्या दोघांना बसवून घेतले आणि जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने येथे लिहीत आहे.

प्रथम त्या चित्रातल्या हत्याराविषयी. तिला अर्धस्वयंचलित रायफल म्हणतात. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण त्या गोळीच्याच जोराने रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते. पुन्हा चाप ओढला की पुन्हा गोळी. अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यात डुकरांवर ती सर्रास चालते हे खरे आहे. पण तिथली शिवारे मैल मैल मोकळी असतात. उलट ऑस्ट्रेलिया हा आपल्याहून किती तरी मोठ्या शेतांचा देश. तिथे १९९६ साली पोर्ट आर्थर येथे हत्याकांड झाले. त्यानंतर सरकारने अशा रायफली लोकांकडून मोबदला देऊन परत घेतल्या. शेतकऱ्यांनाही बहुतेक ठिकाणी अर्धस्वयंचलित रायफलींपैकी फक्त पॉइंट २२ ची लहान रायफल उरली, तीही कारण दाखवून.

आपल्याकडे तर प्रश्न लवकर मिटतो. अर्धस्वयंचलित रायफल आपल्या शस्त्र नियमांत निषिद्ध वर्गात येते आणि केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ती कोणाला बाळगता येत नाही. पिकाच्या राखणीसाठी ती परवानगी मिळेल, ही आशा सोडून द्यावी. कोणी दलाल "करून देतो" म्हणाला तर त्याला चहाही पाजू नये. दुसरी एक गोष्ट त्या तरुणाला ठाऊक नव्हती. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. ती रायफल पॉइंट २२ ची, आणि तिच्यात प्रत्येक गोळी हाताने एकेक भरावी लागते. नेम असला तर एक गोळी पुरते. नेम नसेल तर पेटीतल्या सगळ्या गोळ्या कुठे तरी जाऊन पडतात.

त्या कुठे जाऊन पडतात, हाच बंदूक निवडण्यातला मुख्य प्रश्न आहे. दुकानात माणूस विचारतो, गोळी किती लांब मारते? राखण करणाऱ्याने विचारायचे, चुकलेली गोळी कुठे थांबेल? पॉइंट २२ ची इवलीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी मोठी रायफल म्हणजे इच्छापूरच्या कारखान्याची पॉइंट ३१५. तिची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. आता आपल्या तालुक्यात डोळ्यांसमोर दोन किलोमीटरचा गोल काढून पाहा. त्यात वाडी येते, ठाकरांची वस्ती येते, द्रुतगती मार्ग येतो, नव्या इमारतींच्या गॅलऱ्या येतात. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या माळावर नुसते गवत होते, तिथे आज वीस मजले उभे आहेत. डुक्कर डोंगराच्या बाजूला आणि आपण खाली असलो तर गोळी डोंगरात जाते. आपण बांधावर आणि डुक्कर सपाट खाचरात असेल, तर ती कुठे गेली हे सकाळी बातमीतून कळेल.

म्हणून कायद्यानेही राखणीसाठी वेगळी बंदूक ठरवली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे सांगितले आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, मात्र नळी वीस इंचांपेक्षा कमी नसावी. गुळगुळीत नळीची म्हणजे आपण जिला छऱ्याची बंदूक म्हणतो ती, १२ बोअरची एकनळी किंवा दुनळी. रायफलच्या नळीत आतून पेच असतो, त्यामुळे गोळी गिरकी घेत लांब जाते. छऱ्याच्या बंदुकीत तो नसतो, म्हणून छरे पसरतात आणि लवकर थकतात. राखणीला हवे ते हेच.

ठासणीची बंदूक स्वस्त आणि साधी असते. कोकणात तिच्या नुसत्या आवाजाने किती तरी पिके राखली गेली आहेत. तिची खोड अशी की पावसाळी हवेत केप सर्दावते आणि ऐन वेळी बार उडत नाही. उडाला नाही म्हणून लगेच नळीत डोकावू नये. नळी जमिनीकडे धरून बराच वेळ थांबावे, कारण कधी कधी तो उशिराने उडतो. आणि बंदूक ठासलेली असेल तर केप चढवून चालू नये. बांध ओलांडताना पाय घसरला की घोडा पडतो. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशाच एका घसरण्यात पायाची दोन बोटे गमावलेला गृहस्थ मी पाहिला आहे. तो पुढे मला प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत दिसायचा आणि बंदुकीचा विषय निघाला की पाय पुढे करायचा.

१२ बोअर घ्यायची झाली तर नवी घ्यावी, हे माझे मत. जुनी स्वस्त मिळते, घराण्यातली असली तर अभिमानही वाटतो, पण तिच्यात दोन धोके आहेत. एक, जुन्या विलायती बंदुकांचे काडतुसाचे घर अडीच इंचांचे असते आणि हल्लीची बहुतेक काडतुसे पावणेतीन इंचांची, म्हणजे ७० मिलिमीटरची. लांब काडतूस आखूड घरात बसते, म्हणून माणूस फसतो. ते उडते तेव्हा त्याचे तोंड उघडायला जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. दुसरा धोका, ज्या नळीवर विणल्यासारखी नक्षी दिसते ती लोखंडी पट्ट्या पिळून केलेली जुन्या काळची नळी असते. ती काळ्या दारूसाठी होती. आजच्या काडतुसांनी ती फुटू शकते. भिंतीवर शोभेल, हातात नको. एरवी जुनी पाहताना नळी उजेडाकडे धरून आतून बघावी. गंजाचे खड्डे किंवा पोचा दिसला की खाली ठेवावी. बंदूक मिटवून हलवली तर बिजागरीत खुळखुळ नसावी. चाप न ओढता घोडा नुसत्या हाताच्या धक्क्याने पडत असेल तर कितीही स्वस्त असली तरी नको. दस्ता खांद्याला लावून पाहावा. लांब दस्ता बगलेत अडकतो आणि रात्रीच्या घाईत तोच घात करतो.

काडतुसांचे थोडक्यात सांगतो. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे वाचकांना माहीत असतील. बारीक छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी डुक्कर माणसावर येते. डुकरासाठी एलजी लागते, तिच्यात मोजकेच मोठे छरे असतात आणि ते तीस-पस्तीस पावलांच्या आतच भरवशाचे. त्यापुढे बार करू नये. एलजीचा एखादा छरा काहीशे मीटर जाऊ शकतो, हेही विसरू नये.

हवेच्या बंदुकीविषयी अनेक जण विचारतात, कारण पॉइंट १७७ ची कमी जोराची हवेची बंदूक परवान्याशिवाय मिळते. ती नेमबाजी शिकायला चांगली. वानर, मोर यांच्यावर तिचा छर्रा मारणे मात्र वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. नुसते जखमी करणेही त्या कायद्यात शिकारच ठरते.

आता जी गोष्ट सांगितल्यावर तो तरुण गप्प झाला ती सांगतो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ही दोन वेगळी कागदे आहेत. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. उभ्या पिकाला त्याचा उपद्रव असेल तर कलम ११ खाली ते मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते, त्यासाठी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करावा लागतो. परवानगीने मारलेले डुक्करही सरकारच्या मालकीचे असते. वाटे घालता येत नाहीत. हे ऐकून चेहरे उतरतात, पण वाटे घातल्यामुळे तुरुंगात गेलेले लोक पाहण्यापेक्षा उतरलेले चेहरे बरे.

पनवेलकरांसाठी आणखी एक अट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने आपली नोंद वनखात्याकडे करायची असते, आणि त्या दहा किलोमीटरांत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. शिरढोण, पळस्पे, आपटा, तारा ही सारी गावे त्यात येतात. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. त्या गावच्या शेतकऱ्याला आज बंदुकीसाठी पक्ष्यांच्या रखवालदाराची संमती लागते, याची मला कधी कधी गंमत वाटते. पण नियम आहे आणि त्याला कारणही आहे. अर्ज करताना हे माहीत नसले की कागद महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि माणूस समजतो की कोणीतरी पैशासाठी अडवून धरले आहे.

अर्ज कुठे करायचा? पनवेल परिसराचा बराच भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो, तिथे पोलीस आयुक्त परवाना देतात. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरच्या गावांनी अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. आपले पोलीस ठाणे कोणत्या हद्दीत आहे ते आधी विचारून घ्यावे. अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण हवे. जमिनीचा सातबारा, ओळखीची कागदपत्रे, पोलीस चौकशी आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण हे लागते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. परवान्यावर ज्याचे नाव नाही त्याने बंदूक घेऊन राखणीला जायचे नाही, मग तो सख्खा मुलगा का असेना. आपल्या घरात हा नियम रोज मोडला जातो. बाबांना थंडी वाजते म्हणून मुलगा बंदूक घेऊन माळ्यावर जातो.

एक जाचही आहे, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०१९ साली विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला. म्हणजे दोन्ही वेळा ऐन भात कापणीच्या दिवसांत राखणीच्या बंदुका कपाटात. कोणाच्या बंदुका जमा करायच्या हे ठरवण्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. राखणीचा परवाना असणाऱ्यांनी पिकाचे कारण लिहून तिच्याकडे आधीच अर्ज द्यावा, नोटीस हातात पडल्यावर धावाधाव करू नये.

घरातल्या बायाबापड्यांसाठी दोन शब्द. बंदूक एका कुलुपात, काडतुसे दुसऱ्या कुलुपात, आणि किल्ल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. रात्री राखणीहून परत आलेला माणूस दमलेला असतो, बंदूक कोपऱ्यात टेकवून झोपतो. ती उघडून रिकामी आहे की नाही हे बघितल्याशिवाय त्याला जेवायला वाढू नये.

रात्रीच्या अंधारात एकट्याने किंवा टोळीने रानात शिरून शिकार करणे तर साफ सोडावे. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकीच एकाला डुक्कर समजून गोळी लागली आणि तो मेला. झाडीत हललेले प्रत्येक काळे अंग डुकराचे नसते. आणि कुंपणात विजेच्या तारेचा चोरून करंट सोडणारे लोक तर शेजाऱ्यालाच मारतात. सौर कुंपण वेगळे. त्यात बॅटरीवरून क्षणभराचा झटका थांबून थांबून येतो, डुक्कर पळते, मरत नाही. खालची तार जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी आणि तारेला टेकणारे गवत आठवड्याला कापावे, नाहीतर झटका गवतातून जमिनीत जातो आणि शेतकरी कंपनीला शिव्या देतो. वनखात्याकडून त्यासाठी अनुदानाची सोय आहे, ती वनक्षेत्रपालांकडे विचारावी. नुकसानीचा अर्ज मात्र दुसऱ्याच दिवशी द्यावा आणि पंचनामा होईपर्यंत लोळलेले भात तसेच ठेवावे.

हे सारे ऐकून झाल्यावर ती माऊली हळूच म्हणाली, "साहेब, आमच्या माळ्यावर सासऱ्यांची ठासणीची बंदूक आहे. हे होते तोवर परवाना त्यांच्या नावे होता. ते जाऊन दोन वर्षं झाली." मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटत होते, ती कधीच मोडीत गेली.

माझ्या पोटात गोळा आला. परवानाधारक गेला की बंदूक ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. दोन वर्षे ती घरात होती म्हणजे दोन वर्षे त्या घरात विनापरवाना शस्त्र होते. सापडली असती तर माऊलीच आरोपी. मी त्यांना सांगितले, आज दुपारच्या आत जा, मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना घेऊन जा, आणि स्वतः होऊन जमा करा. वारसाला तोच परवाना आपल्या नावे मागता येतो. इतर वारसांची ना-हरकत लागते. खरे तर परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिली, तर त्याच्या हयातीतच ती वारसाच्या नावे करून मागता येते. म्हाताऱ्या माणसांच्या घरांनी हे आताच करावे.

ते दोघे गेले. दुपारी मी ठाण्यात फोन केला, कारण मला चैन पडेना. ठाणे अंमलदार म्हणाले, आली होती बाई, धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणली होती, सोबत मुलगा होता. पावती दिली आहे.

दिवाळीनंतर त्याच्या शिवारावरून जाताना थांबलो. शेजारच्या तिघांनी मिळून ओढ्याकडच्या बाजूला सौर कुंपण घातले होते. वारसाच्या परवान्याचा अर्ज दिलेला आहे, कर्नाळ्याच्या अंतरामुळे वनखात्याचा अभिप्राय यायचा आहे. उरलेले भात कापून खळ्यावर आले होते. खाचरात ओल होती आणि तो वाल पेरायच्या तयारीत होता.

कोकणातल्या वालाच्या पेरणीबद्दल पुढील अंकी.